मालिकेतला साबण

‘डेली सोप’ हा शब्द आता आपल्या इतका अंगवळणी पडलाय, की त्याचा अर्थ कुणी विचारतच नाही. पेपरात बातमी येते, अमुक अभिनेत्री पुन्हा डेली सोपमध्ये दिसणार. मुलाखतीत कुणी नाटकवाला सांगतो, सोप केल्याशिवाय घर चालत नाही हो! आपण घरात बोलताना मात्र ‘सोप’ म्हणत नाही. आपली असते सिरियल, नाहीतर मालिका. ‘आठची लागली का गं?’ एवढं म्हटलं तरी पुरतं. कुठली आठची, ते सगळ्या घराला ठाऊक असतं.

पण शब्द जरा नीट बघा. डेली म्हणजे रोजची. आणि सोप म्हणजे.. चक्क साबण! रोजचा साबण. सासू, सून, मंगळसूत्र, पळवून नेलेलं बाळ, हरवलेली स्मृती.. या सगळ्यात साबण आला कुठून?

आमच्या बार्शीच्या भिशीत मी हा प्रश्न टाकला. एक म्हणाली, ‘साबणासारखी हातातून निसटते, संपतच नाही, म्हणून असेल.’ दुसरी म्हणाली, ‘फेस फार अन् साबण कमी, म्हणून!’ या उत्तराला सगळ्यांनी टाळ्या दिल्या. खरं उत्तर मात्र यापेक्षा साधं आहे आणि ते थेट आपल्या मोरीत आणि स्वयंपाकघरात येऊन पोहोचतं. म्हणूनच ते आज तुम्हाला सांगावंसं वाटलं.

साबण कोण घेतं?

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, १९३० च्या सुमाराला. टीव्ही तेव्हा घरोघरी नव्हता, रेडिओ होता. मंदीचे दिवस होते, बाहेर करमणुकीवर पैसे घालवणं परवडत नव्हतं. घरातला रेडिओ मात्र एकदा घेतला की फुकट. संध्याकाळी घरातली पुरुष मंडळी आली की गाणी, विनोदी कार्यक्रम, बातम्या लागायच्या. दिवसा काय? दिवसा घरात असते ती फक्त बाई. तिच्यासाठी खर्च करून कार्यक्रम कोण करणार, असं रेडिओवाल्यांना वाटायचं.

साबण कंपन्यांना तसं वाटलं नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. घरात कपड्याचा साबण कोण आणतं? भांड्याची पावडर कुठली घ्यायची ते कोण ठरवतं? बाई. मग दिवसभर एकटी राबणाऱ्या त्या बाईला रोज पंधरा मिनिटं एक गोष्ट ऐकवली, आणि गोष्टीच्या आधी, मध्ये, शेवटी आपल्या साबणाचं नाव घेतलं, तर?

शिकागोच्या एका रेडिओ केंद्रावर १९३० साली ‘पेंटेड ड्रीम्स’ नावाची मालिका सुरू झाली. बायकांसाठीची ही पहिली रोजची मालिका असं साधारणपणे मानलं जातं. ती लिहिली होती अर्ना फिलिप्स या बाईनं. ती आधी शिक्षिका होती. पुढे तिनं एकामागून एक मालिका लिहिल्या. लिहिल्या म्हणजे खरं तर बोलल्या! ती खोलीत येरझाऱ्या घालत प्रत्येक पात्राचा आवाज काढून संवाद म्हणायची आणि समोर बसलेली सेक्रेटरी ते उतरवून घ्यायची. पहिल्या मालिकेचे हक्क कुणाचे यावरून रेडिओ केंद्राशी तिचं भांडण झालं, प्रकरण कोर्टात गेलं आणि ती हरली. मग मात्र तिनं धडा घेतला. पुढच्या मालिका तिनं स्वतःच्या मालकीच्या ठेवल्या. १९३७ साली तिनं सुरू केलेली ‘द गायडिंग लाइट’ रेडिओवरून १९५२ मध्ये टीव्हीवर गेली आणि संपली कधी? २००९ साली! म्हणजे एकच मालिका तब्बल ७२ वर्षं. आपण उगाच आपल्या मालिकांना नावं ठेवतो!

आणि साबण? तो आला १९३३ मध्ये, ‘मा पर्किन्स’ या मालिकेबरोबर. ही मा म्हणजे एका छोट्या गावातली विधवा, लाकडाची वखार चालवणारी. वखारही सांभाळते, मुलाबाळांचंही बघते आणि गावातल्या सगळ्यांची भांडणं मिटवते. मालिका पुरस्कृत केली होती ‘ऑक्सिडॉल’ या कपडे धुण्याच्या पावडरीनं. मालिकेच्या नावातच पावडरीचं नाव जोडलेलं होतं. माचं काम करणारी व्हर्जिनिया पेन तेव्हा अवघी तेवीस वर्षांची होती. आवाज म्हातारीचा लावायची. पुढची सत्तावीस वर्षं, १९६० मध्ये मालिका बंद होईपर्यंत, तिनंच ते काम केलं. म्हणजे मालिका संपताना ती खरंच मा पर्किन्सच्या वयाकडे निघाली होती!

पावडर खपली. मग त्याच कंपनीनं आणखी मालिका काढल्या. दुसऱ्या साबणवाल्यांनीही काढल्या. दिवसभर रेडिओवर एकीपाठोपाठ एक मालिका, आणि प्रत्येकीच्या मागे कुठला ना कुठला साबण. तेव्हा वर्तमानपत्रवाल्यांनी त्यांना थट्टेनं नाव दिलं, ‘सोप ऑपेरा’. ऑपेरा म्हणजे तिकडचं भारदस्त संगीत नाटक. आपल्याकडे बालगंधर्वांचं संगीत नाटक म्हटलं की कशी माणसं सावरून बसतात, तसं. आता ‘साबणाचं संगीत नाटक’ असं म्हणून बघा. त्यातला कुत्सितपणा कळला ना? ऑपेरा मोठ्या लोकांसाठी आणि हे धुणंवाल्या बायकांसाठी. नाव पडलं ते असं, आणि चिकटलं ते कायमचं.

स्वयंपाकघरानं घडवलेली गोष्ट

मालिकेवर आपण जे आक्षेप घेतो ना, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचं मूळ बाईच्या कामात आहे. एकेक घेऊन बघा.

एकच गोष्ट तीन-तीनदा का सांगतात? ऐकणारी बाई एका जागी बसलेली नसते म्हणून. दूध उतू जातंय, दारात कुणी आलंय, पोर रडतंय. ती मधेच उठून जाणार आणि परत येणार. परत आल्यावर तिला धागा सापडला पाहिजे. म्हणून मग एक पात्र दुसऱ्याला सांगतं, दुसरं तिसऱ्याला सांगतं. एखाद्या दिवशी मालिका चुकली तरी दुसऱ्या दिवशी कळतं.

मालिकेत माणसं नुसती बोलतच का असतात? कारण तिचा जन्म रेडिओवर झालाय. हात कामात आणि कान गोष्टीत, असा तो मामला. आजही बघा, आपल्यातल्या किती जणी मालिका ‘बघतात’? लसूण सोलताना, पोळ्या लाटताना आतूनच कानानं चालू असते. ‘ढॅण्ढॅण्’ वाजलं की तेवढ्यापुरतं दारात येऊन डोकावायचं, कुणाच्या थोबाडीत बसली बघायचं आणि परत तव्याकडे! ते वाजणंसुद्धा तिकडूनच आलेलं. रेडिओवर ऑर्गन वाजवून सांगायचे, आता कान द्या.

आणि शेवट नेमका अडलेल्या जागीच का? याला त्यांच्या भाषेत ‘क्लिफहँगर’ म्हणतात, म्हणजे कड्यावर लोंबकळत ठेवणं. शुक्रवारी किंवा शनिवारी मोठा कडा, कारण मधे सुट्टी असते. बाईनं सोमवारी परत यायला हवं, कारण सोमवारी परत साबण विकायचाय.

मालिका संपत का नाही, याचंही उत्तर यातच आहे. सिनेमाला शेवट लागतो. तिकीट आधीच काढलेलं असतं, गोष्ट पूर्ण करून द्यावी लागते. मेक्सिको-ब्राझीलकडच्या मालिकांना ‘टेलिनोव्हेला’ म्हणतात, त्यांनाही शेवट असतो, काही महिन्यांत गोष्ट आटोपते. सोपला मात्र शेवट ठेवायचा नसतो. साबण रोज लागतो, तशी गोष्टही रोज लागली पाहिजे. अशा वेळी कथेत ‘लीप’ येते, म्हणजे एका रात्रीत पाच-सात वर्षं पुढे उडी आणि कालची तान्ही पोर आज शाळेत! रोज रांधण्या-वाढण्याला तरी कुठे शेवट असतो? आपल्या कामासारखीच आहे की ही गोष्ट.

बाई बिघडते हो!

बायका काही आवडीनं ऐकतात म्हटल्यावर काळजी करणारे पुढे आलेच. न्यूयॉर्कमधल्या लुई बर्ग नावाच्या एका मानसोपचार तज्ज्ञानं १९४२ मध्ये जाहीर केलं, की या मालिका ऐकून बायकांचं हृदय धडधडतं, रक्तदाब वाढतो, चक्कर येते, रात्री दचकायला होतं. मोठी खळबळ माजली. नंतर कळलं, की डॉक्टरसाहेबांनी तपासलं होतं एकाच माणसाला, आणि तो माणूस म्हणजे ते स्वतः! मालिका ऐकताना स्वतःचाच रक्तदाब मोजला होता. बाईला काय होतं हे त्यांनी बाईला विचारलंच नव्हतं.

विचारलं ते हर्टा हर्झोग या संशोधक बाईनं. न्यूयॉर्क भागातल्या शंभर श्रोत्या बायकांशी ती सविस्तर बोलली. बायकांनी काय सांगितलं? कुणी म्हणाली, ऐकता ऐकता रडून घेतलं की मोकळं वाटतं. कुणी म्हणाली, आपल्यावर येतं तसं दुसरीवरही येतं हे कळतं. आणि बऱ्याच जणींनी सांगितलं, की नवऱ्याशी, मुलांशी कसं वागावं ते त्यातून कळतं. करमणुकीच्या नावाखाली बाई तिथे सल्ला शोधत होती. तिला दुसरं कोण देत होतं?

तीन शब्द वगळून

आता मी तुम्हाला जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

अर्ना फिलिप्सच्या हाताखाली एक तरुण मुलगी तयार झाली होती, अ‍ॅग्नेस निक्सन. १९६२ मध्ये ती ‘द गायडिंग लाइट’ लिहीत होती. तिची एक मैत्रीण गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं गेली होती. वेळेवर ‘पॅप टेस्ट’ केली असती तर कदाचित वाचली असती. ही तपासणी साधी असते. गर्भाशयाच्या तोंडाजवळच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पण तेव्हा बायकांना ती माहीतच नव्हती, आणि माहीत असलेल्या लाजत होत्या. अ‍ॅग्नेसला वाटलं, रोज लाखो बायका आपलं ऐकतात, त्यांना हे सांगायला हवं. मालिकेतली बर्ट ही सगळ्यांची लाडकी गृहिणी. तिलाच ही तपासणी करायला लावायची, असं तिनं ठरवलं.

साबण कंपनी आणि टीव्ही कंपनी दोघीही बिचकल्या. परवानगी मिळाली, पण अटीवर. तीन शब्द उच्चारायचे नाहीत. कॅन्सर म्हणायचं नाही. गर्भाशय म्हणायचं नाही. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचं नाव घ्यायचं नाही.

आता बघा, ज्या आजाराची गोष्ट सांगायची त्याचं नावच घ्यायचं नाही! तरीही तिनं ती लिहिली. पडद्यावरच्या डॉक्टरनं बर्टला सांगितलं, की तपासणीत काही वेगळ्या पेशी दिसल्यात, वेळेवर कळलं म्हणून बरं झालं. बघणाऱ्या बायकांना जे कळायचं ते बरोबर कळलं. बायकांना अर्धं बोललेलं पूर्ण ऐकायची सवय असतेच. जन्मभर तेच तर करतो आपण.

साबण विकायला निघालेल्या मालिकेनं, साबणवाल्यांच्याच पैशानं, बायकांना असं काही सांगितलं जे त्यांना घरात कुणी सांगत नव्हतं. म्हणून मला ‘सोप’ हा शब्द नुसता हसण्यावारी नेता येत नाही.

मेक्सिकोमार्गे ‘हम लोग’

आपल्याकडे मालिका आली ती अमेरिकेतून सरळ आली नाही, मेक्सिकोवरून वळसा घालून आली. तिथे मिगेल साबिदो नावाच्या निर्मात्यानं १९७५ मध्ये ‘वेन कॉन्मिगो’ म्हणजे ‘माझ्याबरोबर चल’ ही मालिका केली, ती प्रौढ साक्षरतेसाठी. वाचायला शिकण्याची पुस्तकं कुठे मिळतील हे एका भागात सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी एवढी गर्दी लोटली की मेक्सिको शहरातली वाहतूक तुंबली.

हे सगळं बघून प्रभावित झाले ते आपल्या विदर्भातले खासदार आणि तेव्हा केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री असलेले वसंत साठे. त्यांनी ही कल्पना इकडे आणली आणि ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी. प्रत्येक भागाच्या शेवटी दादामुनी अशोककुमार यायचे आणि आजच्या भागाबद्दल दोन शब्द सांगायचे. माझ्या वयाच्या बायकांना ते नक्की आठवत असेल. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी गल्ली. पुढे सतरंजीवर पोरं, मागे दारात उभ्या बायका.

ही आपली पहिली सोप, पण साबण नव्हता. नुकतीच बाजारात आलेली मॅगी होती! पुरस्कर्ते तेच. मॅगी दोन मिनिटांत शिजते हे अख्ख्या देशाला ‘हम लोग’नं शिकवलं.

सुरुवातीच्या तेराएक भागांत कुटुंब नियोजनाचे धडे फार होते. लोक कंटाळले. मग धडे कमी करून गोष्ट वाढवली आणि मालिका उचलली गेली. प्रेक्षकांनी दूरदर्शनला चार लाखांवर पत्रं पाठवली. पण नंतर झालेल्या अभ्यासात एक विचार करायला लावणारी गोष्ट निघाली. त्यातली आई भागवंती, सगळं निमूट सोसणारी. लेखकाला दाखवायचं होतं की असं सोसू नका. पण बघणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना, त्यात बायकाच अधिक, तीच आदर्श वाटली! मालिका काय सांगते आणि बाई त्यातून काय घेते, हे एकच नसतं, ते असं.

साबण विकणाऱ्या बाईची आणखी एक आठवण सांगायलाच हवी. सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी आठवतात? पांढऱ्या-निळ्या साडीतल्या, भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या. ते काम करणाऱ्या कविता चौधरी यांनीच १९८९ मध्ये ‘उडान’ ही मालिका लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात मुख्य कामही केलं. ती रोजची सोप नव्हती, पण एका मुलीच्या आयपीएस अधिकारी होण्याची गोष्ट होती. ती बेतली होती त्यांची सख्खी बहीण कांचन चौधरी यांच्या आयुष्यावर. २००४ मध्ये कांचन उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या त्या पदावरच्या पहिल्या महिला. एक बहीण जाहिरातीत साबण विकत होती, दुसरी वर्दीत होती. आणि वर्दीतल्या बहिणीची गोष्ट घराघरात पोहोचवली ती साबण विकणारीनंच!

आपल्या मालिका, आपला भाव

रोजची हिंदी मालिका आली १९९४ मध्ये, दूरदर्शनवर दुपारी, ‘शांती’. मराठीत ‘दामिनी’नं रोजच्या मालिकेची सवय लावली. मग खाजगी मराठी वाहिन्या आल्या आणि ‘आभाळमाया’, ‘अवंतिका’, ‘वादळवाट’नं संध्याकाळ व्यापली. ‘चार दिवस सासूचे’ तर २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग. चार दिवसांची अकराहून अधिक वर्षं झाली!

या मालिकांचा धंदा कसा चालतो? अर्ध्या तासात गोष्ट असते साधारण बावीस मिनिटं, बाकी जाहिराती. जाहिरातीचा दर ठरतो टीआरपीवर, म्हणजे किती घरांत ती मालिका लागली यावर. निवडक घरांत टीव्हीला यंत्र बसवतात, त्यावरून अंदाज काढतात. अनेक वर्षं ही यंत्रं मोठ्या शहरांतच असायची. एक लाखाच्या आतलं गाव असलं की तिथली बाई बघतेय की नाही, याची मोजदादच नव्हती. खेड्यातल्या घरांची मोजणी देशभर सुरू झाली ती ऑक्टोबर २०१५ पासून. म्हणजे साबण आपण विकत घेत होतो, मालिका आपण बघत होतो आणि हिशेबात मात्र नव्हतो!

मालिकांनी आपलं वाटोळं केलं, असं म्हणणाऱ्यांची इथेही कमी नाही. त्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. सुनेला छळणारी सासू आणि भरजरी साडीत झोपणारी सून बघून वीट येतो. घरातल्या सगळ्या संकटांवर व्रत हाच उपाय दाखवला की राग येतो. पण रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थतज्ज्ञांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, हरियाणा, तामिळनाडू, दिल्ली आणि आपला शेजारी गोवा इथल्या घरांची पाहणी केली. ज्या खेड्यांत त्या काळात केबल टीव्ही नव्यानं आला, तिथे काय बदललं? ‘नवऱ्यानं मारलं तर चालतं’ म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या. मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला. घरातल्या निर्णयात बायका जास्त बोलू लागल्या. आणि तो काळ कुठला? ‘क्यों की सास भी कभी बहू थी’चा! सासू-सुनांची भांडणं बघता बघता बायकांनी त्यातून वेगळंच काही उचललं होतं. बाहेर पडणारी, स्वतःच्या पैशानं जगणारी, उलट बोलणारी बाई त्यांनी पहिल्यांदा तिथे पाहिली होती.

अलीकडे ‘आई कुठे काय करते’ २०१९ ते २०२४ अशी पाच वर्षं चालली. नवऱ्यापासून वेगळी होऊन पुन्हा उभी राहणारी अरुंधती कुणाला पटली, कुणाला नाही. पण दुसऱ्या दिवशी नळावर, बसस्टॉपवर चर्चा झालीच. घटस्फोट हा शब्द आमच्या गल्लीत मोठ्यानं उच्चारला गेला तो तिच्या निमित्तानं.

मागून तर बघू या

आता पुन्हा त्या तीन शब्दांकडे येते. बार्शीत राहणारीला ते विसरता येत नाहीत. आमच्या शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी फार मोठी पाहणी झाली. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका या पाहणीत होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष आले. ज्या गटातल्या बायकांची एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केली होती, त्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. जगभरातल्या डॉक्टरांनी याची दखल घेतली. आपल्या भागातल्या साध्या बायकांमुळे जगाला हे कळलं!

माझ्या चुलत सासूबाई तिकडच्याच एका खेड्यातल्या. त्यांच्या गावात नर्सबाई सांगायला आल्या होत्या तेव्हाचं त्या सांगतात. ‘आम्ही लाजून शेतात पळालो गं. त्या बाईनं तीन हेलपाटे घातले तवा कुठं चौघी गेलो. तेच टीव्हीतल्या सुनेनं केलं असतं तर सगळ्या गेलो असतो.’

त्यांचं हे बोलणं मी मनात ठेवलंय. १९६२ मध्ये तीन शब्द वगळून जे सांगता आलं, ते आज सगळे शब्द वापरून आपल्या मालिकेत का सांगता येऊ नये? भारतातल्या बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये हा दुसऱ्या क्रमांकाचा आहे. सरकारच्या कार्यक्रमात तीस वर्षांपुढच्या बायकांसाठी तपासणी धरलेली आहे. आरोग्य केंद्रात विचारायचं फक्त. पण विचारायला आधी कुणीतरी आपल्यासारखी बाई विचारताना दिसावी लागते. मालिकेतली नायिका जिने चढून पडते, विष पिते, अपघातात सापडते, महिनाभर कोमात राहते. एक दिवस ती चपला घालून सरकारी दवाखान्यात तपासणीला गेली, तर टीआरपी पडेल का?

मालिका बघू नका, असं मी कुणाला सांगणार नाही. दिवसभर राबल्यावर अर्धा तास आपल्याला हवं ते बघायचा हक्क आहे आपला. मला एवढंच सांगायचंय, की ही गोष्ट फुकट नाही. महिन्याच्या वाणसामानाच्या यादीतून तिचे पैसे आपण भरतो. पैसे भरणारीनं दुकानात हवं ते मागायचं असतं. वाण्याकडे साबण घेताना आपण वास घेऊन बघतो, किंमत विचारतो, नको असला तर परत करतो. मग गोष्ट घेतानाच गप्प का?

आमच्या भिशीतल्या सात जणींनी मिळून एका वाहिनीला पत्र लिहिलंय. पत्रात मागणी एकच. पत्ता वाहिनीच्या कार्यक्रमाखालीच मिळाला, इंटरनेटवर मालिकेच्या पानावरही लिहिता येतं. ‘हम लोग’ला चार लाख पत्रं गेली होती, आमचं तर एकच आहे. उत्तर अजून आलेलं नाही. तुमच्या भिशीतून, बचत गटातून आणखी एकेक गेलं तर बघा. आणि तोवर, तीस वर्षांपुढच्या आहात आणि ही तपासणी झालेली नाही? मग पुढच्या आठवड्यात एक दिवस ठरवा, शेजारणीला बरोबर घ्या आणि जाऊन या. आठच्या मालिकेच्या आत घरी परत याल.